साहेबराव मागे का राहिले

नाशिक,
१० फेब्रुवारी १९७४

प्रिय बेबी,

तुला शेवटचं पत्र टाकलं त्याला दीड वर्ष झालं. कारणं सांगत बसत नाही, तूही सांगू नकोस. दोघींची सारखीच असणार. आज लिहायला बसले कारण बातमी पोस्टकार्डावर मावणारी नाही.

आमचा वामनदादा जालन्याला येतोय. बर्फाच्या कारखान्यात मॅनेजर म्हणून! म्हणजे तुझे साहेबराव ज्या कारखान्यात मशीन चालवतात, त्याच कारखान्यात. जाहिरात बघून अर्ज केला तेव्हा त्याला हे ठाऊकही नव्हतं. मी सांगितलं तसा एकदम खुलला. म्हणाला, "भोकरदनची बेबीनंदा? बीजगणिताला रडायची ती?" मी म्हटलं, रडायचे ती मी. बेबी तुझ्या चुका काढायची.

आठवतं ना गं मॅट्रिकचं वर्ष? पोस्टाच्या क्वार्टरचा तो ओटा, पार्सलच्या खोक्यावर ठेवलेला कंदील, आणि दादा आपल्या दोघींना गणितं घालतोय. बाबा आत शिक्के मारत असायचे, धप् धप्. भोकरदनला मामांकडे शिकायला राहिलेली तू यायचीस ती वहीला वर्तमानपत्राचं कव्हर घालून. माझ्या वहीला कव्हर नसायचं म्हणून मी तुझ्यावर जळायचे. शेवटचा पेपर झाला त्या दिवशी केळणा नदीच्या कोरड्या पात्रात बसून आपण आख्खं टरबूज दगडावर फोडून खाल्लं. पोलक्यावर डाग पडले म्हणून आईने मला रात्री जेवायला वाढलं नाही. अजून नाशिकला टरबूज घेतलं की मी आधी हसते, मग चिरते.

दादा एकटाच येईल, वहिनी मुलांच्या परीक्षा झाल्यावर. स्वभावाने भिडस्त आहे, तुला माहीतच आहे. साहेबरावांना म्हणावं, जरा सांभाळून घ्या आमच्या साहेबांना. तुझ्या प्रभाला पापा. चार वर्षांची झाली ना गं?

तुझीच,
विमल


जालना,
३ मार्च १९७४

प्रिय विमल,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. मुलांना शुद्धलेखन घातलं आणि टेबलाखाली धरून वाचलं. मी हसले तर पहिल्या बाकावरची पोरं पण हसायला लागली. शुद्धलेखन सगळं चुकलं.

वामनदादा आले. पहिल्याच रविवारी आमच्याकडे जेवायला होते. आमचं घर कारखान्याच्या मागच्या गल्लीत. मशीनचा आवाज भिंतीतून येतो, तो बंद पडला तरच आम्हांला जाग येते. सासूबाईंनी, कांताबाईंनी, ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी केली होती. दादांनी तीनदा आमटी मागून घेतली. हे म्हणाले, "साहेब, हळू. मशीनवर झोप लागंल." दादा म्हणाले, "साहेबराव, घरात तरी साहेब म्हणू नका." हे म्हणाले, "मंग काय म्हणू? तुम्ही तर माझ्या बायकोचे मास्तर." दोघं खूप हसले.

विमल, तुझ्या आईने मला वेगळी कपबशी ठेवली होती, आठवते? कान तुटलेली, मागच्या कोनाड्यात. मी काही म्हणत नसे. लहानपणापासून सवय होतीच. एक दिवस दादांनी त्याच कपात स्वतःचा चहा ओतून घेतला आणि तुझ्या आईच्या, रमाकाकूंच्या, समोर बसून पिऊन टाकला. बोलले काही नाहीत. दुसऱ्या दिवशी ती कपबशी कोनाड्यात नव्हती, आणि मला सगळ्यांच्या कपात चहा मिळाला. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. परवा यांना सांगितलं. हे म्हणाले, "बराबर माणूस हाये."

लग्नसराई सुरू झाली. बर्फाच्या लाद्यांची मागणी इतकी की मशीनला विश्रांती नाही. हे घरी येताना भुशात गुंडाळलेला बर्फाचा तुकडा आणतात. प्रभा तो परातीत ठेवून वितळेपर्यंत समोर बसून राहते. कुणाला हात लावू देत नाही.

तू कधी येतेस? नुसतं पत्रातून भोकरदन किती दिवस फिरायचं?

तुझी,
बेबी


नाशिक,
२४ एप्रिल १९७४

बेबी,

वर्तमानपत्रात वाचलं. जालन्याच्या बर्फाच्या कारखान्यात अमोनिया वायूची गळती, नऊ मृत्यू. नावं नव्हती. आम्ही तार केली, ट्रंक कॉल लावला. काल दादाच्या शेजाऱ्यांची तार आली की दादा वाचला, डोळ्यांना पट्टी आहे. आणि त्याच तारेत साहेबरावांचं.

मी काय लिहू? तुझ्यासमोर येऊन बसायला हवं होतं. सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आल्याने घरातून हलता येत नाही.

तू कशी आहेस? प्रभा? सासूबाई? एक ओळ टाक. नुसती सही करून कोरं कार्ड टाकलंस तरी चालेल.

विमल


जालना,
३० जून १९७४

प्रिय विमल,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. लिहायला उशीर झाला. डोळ्यांत औषध घालत होते, अक्षरं दुहेरी दिसत होती. आता बरी आहे.

तू विचारलंस म्हणून एकदा लिहिते. पुन्हा विचारू नकोस.

अठरा एप्रिल, गुरुवार. सकाळची शाळा सुटून मी नुकतीच घरी आले होते, चूल पेटवत होते. आधी मशीनचा आवाज थांबला. मग वास आला. नवसागर आणि चुना हातावर चोळला की येतो तसा, पण इतका की नाकातून सुरी घातल्यासारखं झालं. दारात आले तर गल्लीत जमिनीलगत पांढरं धुकं सरकत येत होतं, भर उन्हात. सासूबाईंनी लुगडं रांजणात बुचकळलं आणि प्रभाला त्यात गुंडाळून मोती तलावाच्या बाजूला पळाल्या. कुणी शिकवलं होतं त्यांना? मी दुसरं पातळ भिजवून तोंडाला बांधलं आणि कारखान्याकडे गेले. पोचू शकले नाही. शेजारच्या झुंबरबाई दारातच पडल्या होत्या, त्यांना ओढत रस्त्यापर्यंत आणलं. त्या जगल्या, पण डोळे गेले. पुन्हा आत गेले, अजून एका बाईला आणलं. ती नाही जगली.

यांना दुपारी चारला बाहेर काढलं. मशीनघरात होते. दार तर मशीनपासून दहा पावलांवर आहे, विमल. दहा पावलं. बर्फाच्या टाकीवर काम करणारे लोक तिथून लांब होते, त्यांतलेही काही निघाले. मग हे का नाही निघाले? पाय घसरला, की दिसलं नाही, की काय झालं? रोज मी ती दहा पावलं मोजते. त्या वेळी तिथे कोण होतं हेही कुणी सांगत नाही.

प्रभा बरी आहे. मला थोडा खोकला आहे, जाईल. शाळा सुरू झाली.

दादांच्या डोळ्यांची पट्टी निघाली असं कळलं. मी भेटायला गेले होते तर ते औरंगाबादला हलले होते.

बेबी


नाशिक,
१२ नोव्हेंबर १९७४

प्रिय बेबी,

उद्या दिवाळी. फराळ केला आहे, पण घरात उत्साह नाही. दादा आता नाशिकलाच असतो. कारखान्याच्या मालकांनी, शेठजींनी, त्यांच्या पाहुण्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये त्याला लावून दिलं. माणूस चांगला म्हणायचा, इतकं नुकसान होऊनही दादाला वाऱ्यावर सोडलं नाही. आईही त्याच्याकडेच राहायला आली आहे.

पण दादा पूर्वीचा राहिला नाही गं. एका डोळ्याने अंधूक दिसतं, ते सोड. कुठेही बसला तरी दाराजवळ बसतो. चौकशीत काय निष्पन्न झालं म्हटलं तर "अपघात" एवढंच म्हणतो आणि उठून जातो. साहेबरावांचं नाव काढलं की ताटावरून उठतो. मला वाटतं, आपण वाचलो आणि ते गेले, हेच त्याच्या मनाला लागलं आहे.

एक मागू? त्याला चार ओळी लिही. तू लिहिलंस की तो सावरेल. तुझ्याबद्दल त्याला किती वाटायचं ते तुला ठाऊक आहे. नुसतं लिही की तुमच्यावर राग नाही. राग कशाचा असणार म्हणा! पण त्याला ऐकायला हवं आहे, असं मला वाटतं.

भाऊबीजेला देवानंद येईल ना तुझ्याकडे? त्याला आशीर्वाद.

विमल


जालना,
९ जानेवारी १९७५

प्रिय विमल,

तुझा फराळाचा डबा मिळाला. अनारसे प्रभाने संपवले.

दादांना काय लिहू ते सुचलं नाही. त्यांना सांग, प्रभा जूनमध्ये पहिलीत जाईल.

तू जुनं काही लिहीत जा. तेवढं वाचायला बरं वाटतं. मी पण एक लिहिते. तू पिंपळगावला आमच्याकडे हुरड्याला आली होतीस. आगटीभोवती सगळे बसलेले, माझे वडील कणसं भाजून हातावर चोळताहेत, आणि तू गरम हुरडा तोंडात टाकून नाचतेयस. माझी आई म्हणाली, "पोस्टमास्तरांची पोर हाये, जिभेला जपा." परत जाताना तू रेणुकाईच्या देवळापाशी थांबलीस आणि म्हणालीस, बेबी, आपण दोघी इथेच मास्तरीण होऊ, एकाच शाळेत. मी मास्तरीण झाले. तुझं लग्न झालं.

वर्गात हल्ली मी मुलांनाच मोठ्याने वाचायला लावते, मी ऐकते. त्यांना चांगली सवय लागते.

झुंबरबाई रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसतात. त्यांना प्रभा वर्तमानपत्र वाचून दाखवते. अर्धी अक्षरं लावून, अर्धी मनाने.

बेबी


नाशिक,
१५ ऑक्टोबर १९७७

प्रिय बेबी,

पावणेतीन वर्षांत माझ्या सात पत्रांना तुझी दोन पोस्टकार्डं. मी रागावले नाही. दुःखाला माणसं नकोशी होतात, हे मी समजू शकते.

पण आज मला उत्तर हवं आहे. कामगारांनी केस पुन्हा उभी केली म्हणे. दादाला औरंगाबादच्या कोर्टातून साक्षीचा कागद आला आहे. तो आल्यापासून त्याने दाढी केलेली नाही. बेबी, तुझा शब्द तिथली माणसं मानतात. त्यांना सांगशील का, की दादाला यातून वगळा? त्याने काय कमी भोगलं? जे झालं त्यात त्याचा काय दोष? तू तर त्याला लहानपणापासून ओळखतेस.

विमल


पिंपळगाव रेणुकाई,
६ नोव्हेंबर १९७७

विमलताईंस देवानंदाचा जयभीम.

तुमचं पत्र शाळेतून इकडं आलं. आक्का सध्या माझ्याकडं हाये. दम जास्ती झाला म्हणून मी जालन्याहून घिऊन आल्तो. तिनं पत्र वाचलं, उशाखाली ठिवलं, आन् दोन दिवस तिथंच राहू दिलं. मंग मीच काढून वाचलं. आता तिला न सांगता लिहून राह्यलो. राग आला तर माझ्यावर काढा, तिच्यावर न्हाई.

ताई, तुम्हाला काहीच ठाव न्हाई असं दिसतंय, म्हणून सांगतो. माझ्या भाऊजींनी तीन आठवडे आधी सांगितलं होतं की पाइपाचा जोड गळून राह्यलाय. दोनदा सांगितलं. रजिस्टरात लिहिलं बी. तुमचे वामनदादा शेठकडं गेल्ते. शेठ म्हणाला, लग्नसराई झाल्यावर बघू, मशीन बंद ठिवायची न्हाई. हे टाकीवरच्या माणसांनी कानानं ऐकलं हाये.

चौकशीत ते रजिस्टरचं पान नवं निघालं. त्याच्यावर लिहिलेलं, सगळं ठीक. खाली वामनदादांची सही. आन् त्यांनी जबानी दिली की साहेबरावांनी चुकून भलताच व्हॉल्व उघडला, म्हणून गॅस सुटला. चौकशीवाल्यांनी तेच लिहून घेतलं. मंग भरपाई कशाची मिळती? ते जाऊ द्या. गल्लीतल्या बाया आक्काला पाण्याच्या नळावर म्हणू लागल्या, तुझ्या नवऱ्यानं आमची माणसं मारली. झुंबरबाई आंधळी असून तिच्या बाजूनं भांडली, म्हणून निभावलं.

आक्कानं ती जबानी स्वतःच्या डोळ्यांनी वाचली. सप्टेंबर चौऱ्याहत्तरमधी. तुमचं दिवाळीचं पत्र त्याच्या नंतर आलं, ज्याच्यात तुम्ही म्हणता की दादांना लिही, राग न्हाई म्हणून. मी म्हटलं, आक्का, सांगून टाक तिला. ती म्हणाली, "न्हाई. विमलला एकच भाऊ हाये. आन् मला एकच विमल."

आक्काला तुम्ही ओळखणार न्हाई. एक पान मोठ्यानं वाचता येत न्हाई तिला. जिन्याच्या चार पायऱ्या चढली की बसती. डॉक्टर म्हणतो फुफ्फुस करपलंय, आता ते भरून यायचं न्हाई. प्रभाला थंडीत रात्र रात्र खोकला. हे बी तिनं तुम्हाला लिहिलं नसंल.

माझं जास्ती शिक्षण न्हाई. चुकलं असंल तर माफी.

देवानंद


नाशिक,
४ डिसेंबर १९७७

प्रिय बेबी,

देवानंदाने मला पत्र लिहिलं. त्याच्यावर रागावू नकोस. त्याने मला लिहिलं नसतं तर मी मरेपर्यंत मूर्खच राहिले असते.

तुला माफ कर म्हणण्याचं धाडस माझ्याजवळ नाही. काय घडलं तेवढं सांगते.

रविवारी दुपारी दादाकडे गेले. तो दाराजवळच्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसला होता, वाचत नव्हता. मी पत्र त्याच्या हातात दिलं. वाचलं. घडी घालून परत दिलं.

मी म्हटलं, "हे खरं आहे?"

"हो."

"सगळं?"

"सगळं." मग म्हणाला, "शेठ दवाखान्यात आले होते. माझ्या डोळ्यांना पट्टी होती. म्हणाले, गेलेला माणूस काही परत येणार नाही, जगलेल्यांचं बघू. पान त्यांनीच लिहून आणलं होतं. मला दिसत नव्हतं, त्यांनी माझा हात धरून कुठे सही करायची ते दाखवलं."

"म्हणजे काय लिहिलंय ते तुला माहीत नव्हतं?"

बेबी, इथे त्याला हो म्हणता आलं असतं. मी मनातून देवाची प्रार्थना करत होते की त्याने हो म्हणावं. तो म्हणाला, "त्यांनी वाचून दाखवलं होतं."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणाली, "विमल, झालं ते झालं. त्याला बायकोमुलं आहेत. ही नोकरीही त्याच माणसाने दिली आहे. साक्ष दिली तर उद्या काय खातील?" मी म्हटलं, "आई, बेबीलाही घर होतं. तू तिला लहानपणी पाहिलं आहेस." आई रडायला लागली. दादा म्हणाला, "मी जाणार नाही. मला तिच्यासमोर उभं राहता येणार नाही."

मी सांगून आले की तू गेला नाहीस तर मी जाईन, आणि तू आज मला जे बोललास ते कोर्टात सांगेन.

अजून काहीतरी आहे, बेबी. त्याने सगळं सांगितलेलं नाही. "साहेबराव तेव्हा नक्की कुठे होते" असं मी विचारलं तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड केलं.

मला तुझ्या गप्प राहण्याचा अर्थ दुःख वाटला. तू मला जपत होतीस. मी तीन वर्षं तुझ्याकडे काय मागत होते, ते आठवलं की झोप लागत नाही.

विमल


जालना,
२३ एप्रिल १९७८

प्रिय विमल,

हे पत्र चार दिवस लिहीत आहे. दम लागला की पेन खाली ठेवते.

दादा तुझ्याआधीच आले. सत्तावीस फेब्रुवारीला औरंगाबादच्या कोर्टात. आम्हांला कुणालाच माहीत नव्हतं. मी, देवानंद आणि झुंबरबाई बाकावर बसलो होतो. नाव पुकारलं तेव्हा मागच्या दारातून ते आत आले. केस पूर्ण पांढरे झालेत. मी आधी ओळखलंच नाही.

पानाचं सांगितलं, जबानीचं सांगितलं. शेठच्या वकिलाने विचारलं, "तेव्हा खोटं बोललात, तर आत्ता खरं बोलता कशावरून?" दादा म्हणाले, "तेव्हा खोटं बोलल्याबद्दल मला नोकरी मिळाली. आत्ता ती जाणार आहे."

मग त्यांनी ते सांगितलं, जे तुलाही सांगितलं नव्हतं.

पाइप फुटला तेव्हा दादा मशीनघरातच होते, विमल. यांच्या शेजारी. पहिला झोत त्यांच्याच तोंडावर आला. ते आंधळे होऊन खाली पडले, दार कुठे ते कळेना. यांनी खांद्यावरची दस्ती बादलीत बुडवून त्यांच्या तोंडाला बांधली आणि काखेत हात घालून दारापर्यंत ओढत नेलं. दादांनी यांचा सदरा धरला होता. म्हणाले, साहेबराव, तुम्हीही चला. यांनी बोटं सोडवली. म्हणाले, "साहेब, टाकीवर अकरा माणसं हायेत. मेन व्हॉल्व बंद केल्याबिगर त्यांना निघता यायचं न्हाई. तुम्ही निघा. मी आलोच." आणि दादांना बाहेर ढकललं.

व्हॉल्व बंद केला. पूर्ण. मागून तो बंदच सापडला होता, आणि यांनी व्हॉल्वशी चूक केली याचाच पुरावा म्हणून चौकशीत ते दाखवलं होतं. अकरांतली सहा माणसं त्यामुळे निघाली. त्यांतली चार त्या दिवशी कोर्टात होती. झुंबरबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली.

चार वर्षं मी ती दहा पावलं मोजत होते. हे घसरले असतील, यांना दार दिसलं नसेल, हाका मारल्या असतील आणि मी ऐकल्या नसतील. विमल, हे दारापर्यंत आले होते. दारातून परत फिरले.

दुसऱ्या दिवशी दादा घरी आले. ओट्याखाली उभे राहिले, वर येईनात. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी बघितलं, हात धुतले आणि दारात जाऊन म्हणाल्या, "उभं काय राह्यलास? माझ्या लेकानं तुला जिता बाहेर काढला, तो दारात उभा राहायला न्हाई." दादा आत आले आणि दाराजवळच बसले.

मी म्हटलं, पुन्हा सांगा.

त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, पुन्हा. दस्ती कोणत्या रंगाची होती? आवाज कसा होता, घाबरलेला होता का? दादा म्हणाले, "नाही. घाईचा होता. लादी काढायची वेळ झाली की असायचा तसा." तो आवाज मला माहीत आहे. तिसऱ्यांदा सांगताना प्रभा माझ्या मांडीला टेकून ऐकत होती. तिला वडिलांचं फक्त बर्फ आणणं आठवतं. आता हेही राहील.

दादा सांगता सांगता रडत होते. मी नाही रडले. मी त्यांना माफ केलं असंही म्हटलं नाही. खोटं कशाला लिहू? त्यांनीही मागितली नाही. तेवढी लाज त्यांच्यात आहे, म्हणून मला त्यांच्यासमोर बसता आलं. जेवून गेले. आमटी त्यांनी पुन्हा मागून घेतली नाही, सासूबाईंनीच वाढली.

परवा निकाल लागला. त्यात लिहिलं आहे की साहेबरावांकडून कोणतीही चूक झाली नाही, कळवूनही जोड दुरुस्त न करणं हा मालकाचा दोष. नऊही घरांना भरपाई मिळेल म्हणतात. मालक वर अपील करणार, तेही म्हणतात. मी निकालाची नक्कल घेऊन पाण्याच्या नळावर गेले. कुणाला वाचून दाखवली नाही, तेवढा दम नव्हता. नुसती हातात धरून रांगेत उभी राहिले. कुणीतरी माझी घागर आधी भरून दिली.

दादांची नोकरी गेल्याचं कळलं. तीर्थपुरीला माझ्या ओळखीच्या एका संस्थेला गणिताचा मास्तर हवा आहे. त्यांना कळव. मी शिफारस केलेली नाही, नुसता पत्ता देते.

मे महिन्याची सुट्टी लागली की तू ये. दादांच्या वतीने काही बोलायला येऊ नकोस, आणि माझी दया करायलाही नको. भोकरदनला जाऊ, एस.टी.ने, बसून. मला आता पहिल्यासारखं भराभरा बोलता येत नाही. अर्ध्या वाक्यात दम संपतो आणि मी थांबते. लोक मायेने ते वाक्य पूर्ण करून टाकतात. तू करू नकोस. जरा थांब. माझं मी बोलीन.

तुझी,
बेबी